घडीची गिटार

पुलाच्या खांबावर हातोडीने ठोकत, कान लावून उभी होते, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "आतून काही उत्तर?"

वळून पाहिलं. सायकल हातात धरून एक जण उभा होता. खांद्यावर तारा नसलेली गिटार, स्वेटरभर लाकडाचा भुसा, आणि चेहरा अगदी गंभीर.

"इथून ठणठणीत आलं," मी म्हटलं. "पलीकडे मात्र पोकळ वाजतंय. काँक्रीट आतून सुटलं की असं होतं."

"म्हणजे तुम्ही पुलांच्या डॉक्टर."

"आणि तुम्ही गिटार वाजवता?"

"छे. वाजवणारे वेगळे. मी नुसत्या बऱ्या करतो."

मी खरं तर कामाला लागायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "माझी एक आजारी आहे..."

कहाणी साधीच होती. पूल तपासण्याच्या नोकरीत मला दर काही महिन्यांनी गाव बदलावं लागतं. जुनी गिटार आईकडे कपाटावर पडून राहिली, कारण ती माझ्या सामानात मावत नव्हती. तीन वर्षं तारेला बोट लागलं नव्हतं. शेवटी गेल्या आठवड्यात घडी होणारी गिटार मागवली. मानेला मधोमध बिजागरी. मिटली की ऑफिसच्या सॅकमध्ये जाते. खोका उघडताना मी हरखून गेले होते. मान सरळ केली, तारा लावल्या, छेडल्या – आणि आली ती खरखर. बरणीत माशी अडकावी तशी. त्या दिवशी मी पलंगावर बसून चक्क रडले.

"संध्याकाळी घेऊन या," तो म्हणाला. "बाजारात, चष्म्याच्या दुकानाला लागून. आणि येताना रडू नका, डोळे लाल दिसतील."

रडल्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं.

दुकानात पुढे त्याची मोठी बहीण बसायची, तारा आणि कव्हरं विकत. मी सॅकमधून गिटार काढली तशी ताईंनी चष्मा वर केला. "ही काय, छत्री?"

"ताई, पेशंटसमोर नको," तो आतून म्हणाला.

आतल्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल होतं. सरसाचा वास, कानशी, लाकडाच्या पातळ कुरळ्या साली. त्याने गिटार उलगडली, एक डोळा मिटून मानेवरच्या आडव्या फ्रेटपट्ट्यांवरून नजर टाकली, मग पोलादी पट्टी आडवी-उभी ठेवून पाहिली. त्याची बोटं जाड होती, पण तारेवर किती हलकी पडत होती...

"बिजागरीचा स्क्रू ढिला आहे. सातवा फ्रेट केसभर वर आलाय. आणि मान जरा मागे झुकलीय, म्हणून तारा फ्रेटना घासतात." मानेच्या आतल्या सळईला त्याने पाव फेरा दिला आणि गिटार बाजूला ठेवली. "उद्या या."

"एवढ्याशा कामाला उद्या?"

"लाकूड आहे. सांगितलेलं त्याला एका दिवसात कळलं तरी खूप."

मी उद्या गेले. परवाही गेले. पाव फेरा, मग थांबा. बिजागरीखाली कागदाएवढी पातळ चकती, मग थांबा. तो फ्रेट घासायचा आणि मी स्टुलावर बसून बडबड करायचे – पुलाखाली घरटी करणाऱ्या पक्ष्यांची, गेस्टहाऊसच्या खोल्यांची.

"आज उशीर केलात," एकदा तो मान वर न करता म्हणाला.

"वाट पाहत होतात?"

"गिटार पाहत होती."

पुढच्या खोलीतून ताई खोकल्या. त्या दिवशी त्यांना तीनदा खोकला आला.

शनिवारी काम संपलं. त्याने एकेक फ्रेट वाजवून दाखवला. सगळे स्वर स्वच्छ. मग गिटार माझ्या हातात दिली. मी तारा छेडल्या आणि पुन्हा तीच खरखर.

माझा चेहरा पडला. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं. अजून एक दिवस, अजून एक पाव फेरा... आणि मग आठवलं, पुढच्या गावाची माझी बस उद्या सकाळची होती.

त्याने टेबलावरचा भुसा हाताने झाडला. मग म्हणाला, "अजून थोडं काम आहे, असं मी म्हणू शकतो. म्हणावंसं वाटतंयही. पण गिटार ठीक आहे. तुम्ही दबकत वाजवता."

मला राग आला. "दबकत म्हणजे?"

"कुणाला ऐकू जाऊ नये, असं."

काहीतरी फटकन बोलणार होते, पण एक जुनी भिंत आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी, गेस्टहाऊसच्या एका खोलीत गाणं बसवत असताना शेजाऱ्याने भिंतीवर थापा मारल्या होत्या. 'बंद करा ते!' गिटार सामानात मावत नव्हती हे खरंच. पण त्यानंतर मी ती मावेल अशी जागाही कधी शोधली नव्हती. हे मी त्याला सांगितलं. आईलाही सांगितलं नव्हतं.

त्याने माझं बोट धरून फ्रेटच्या अगदी लगत सरकवलं. "इथे. आणि नीट दाबा. जाऊ दे ऐकू."

मी दाबलं. वाजवलं. मोकळा, गोल स्वर खोलीभर गेला, मग दुसरा, मग अख्खं गाणं. दोनदा चुकले आणि थांबले नाही. संपलं तेव्हा पुढे ताई हातातलं काम सोडून बसल्या होत्या, आणि तो... तो गिटारीकडे पाहतच नव्हता.

"आता इथे यायला तुम्हाला कारण उरलं नाही," तो म्हणाला.

"उद्या सातची बस आहे. चार महिने तिकडेच. पाच तास लागतात."

"हं." त्याने कानस उचलली, परत ठेवली. "मला तुम्ही आवडता. याचा गिटारीशी काही संबंध नाही. म्हणजे... होता, पण आता नाही."

मी नुसतीच हसले. वेड्यासारखी. सॅक उचलून निघताना कशीबशी म्हणाले, "सात म्हणजे पावणेसातला या."

तो साडेसहालाच स्टँडवर आला होता. निरोप द्यायला आलाय असं मला वाटलं. तो माझ्यामागून बसमध्ये चढला आणि शेजारी बसला.

"कुठे निघालात?"

"तुम्हाला सोडायला. दुपारच्या बसने परत येईन. ताई म्हणाली, रविवारी तसंही दुकान बंद."

"पाच तास जायचं आणि पाच तास यायचं?"

"येतानाचे धरू नका. जातानाचे पाच तर मिळतील."

बस निघाली. गाव मागे पडलं, शेतांवरचं धुकं विरळ झालं. बोलता बोलता दोन तास कसे गेले कळलंच नाही. घसा कोरडा पडला, तशी मी त्याच्या हातातल्या बाटलीकडे बोट केलं.

"जरा पाणी दे ना."

दे. माझं मलाच कळलं नाही. त्याला कळलं. त्याने बाटली उघडून दिली, मग तोंड खिडकीकडे वळवलं. पण काचेत त्याचं हसू मला दिसत होतं.

"अजून काही हवंय तुला?" त्याने विचारलं.

"पुढच्या रविवारी ये," मी म्हटलं.