पाकळी टाइपातला ‘क्ष’

‘क्ष’ अक्षराच्या शिशाच्या खिळ्याला, छापल्यावर उजवी येते त्या पाकळीवर, अर्ध्या मिलिमीटरची खाच आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत भिंगाखाली धरून मी ती मोजली आहे.

जुन्या जालन्यात बाबांचा छापखाना आहे. तिथल्या एका ठसठशीत टाइपाला आम्ही ‘पाकळी’ म्हणतो. अक्षरं जाड, आणि प्रत्येक रेघ टोकाशी पाकळीसारखी उमललेली. लग्नपत्रिकेचा मजकूर साध्या टाइपात लागतो, पाकळी फक्त नवरा-नवरीच्या नावांना. दोन्हीकडचा होकार आल्याशिवाय त्या नावांना शाई लावायची नाही, हा बाबांचा नियम. संचात ‘क्ष’ एकच उरलाय.

तीन वर्षांपूर्वी त्यातच माझं नाव जुळवलं होतं, स्थळ म्हणून आलेल्या राजानंदच्या शेजारी. उत्तरासाठी मी आठ दिवस मागितले. सहाव्या दिवशी अंकुशनगरहून येताना त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली, आणि तो जागीच गेला. त्याची आई, कांताबाई, अजून मला सून मानतात. दर बुद्धपौर्णिमेला साडी आणतात. माझं उत्तर काय होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

गेल्या सोमवारी सकाळी टेबलावर खिळे जुळवलेले दिसले. साक्षी. राजानंद. शाई नव्हती.

मी जुळाऱ्याला हटकलं. “वसंतामामा, ही कसली थट्टा?”

“म्या? चष्मा फुटून चार दिवस झाले, ताई. मला ‘प’ अन् ‘ष’ यकच दिसून राह्यलेत.”

“मग कोणी केलं? बाबांचा तर हात उचलत नाही.”

“तुम्हीच केलं असंल. शिकल्याली माणसं लई इसरतात.”

मी खिळे खणांत परत टाकले. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी खणांवर पावडर भुरभुरली, दाराला नवं कुलूप लावलं, किल्ली बाबांनाही दिली नाही. गुरुवारी पावडरवर एकही बोट उमटलेलं नव्हतं. नावं मात्र होती.

मग ‘क्ष’ कॉलेजात नेला आणि रसायनांच्या कपाटात कोंडला. शुक्रवारी टेबलावर माझ्या नावात मधे रिकामी जागा होती, बरोबर एका खिळ्याएवढी. मला हायसं वाटलं.

शनिवारी दुपारी कपाट उघडलं. ‘क्ष’ ठेवला तिथेच होता. उचलला तर बोट काळं झालं.

शाई ओली होती.

मी तशीच छापखान्यात आले. कांताबाई बाकावर बसल्या होत्या. डोळे पाणावलेले, हातात पत्रिका.

“कव्हा दिलास गं होकार? मला कळवलं बी न्हाईस. सकाळी उंबऱ्यावर घावली.”

साक्षी. राजानंद. ‘क्ष’च्या उजव्या पाकळीवर खाच. खाली तारीख उद्याची.

वसंतामामा समोरच्या टपरीवर चहा पीत होते.

आत छपाईयंत्राचं चाक हळूहळू फिरत होतं.

मी त्याच्याकडे तोंड केलं.

“राजानंद, माझं उत्तर ‘नाही’ असं होतं. आजही ‘नाही’च आहे.”