स्टिकर न लावण्याचा अर्ज

मी जीपमधून उतरले, तेव्हा तो माणूस माझंच काम पुसत होता. मान तिरकी करून, रॉकेलच्या बोळ्याने, दुसऱ्या गाडीच्या दारावरचा स्टिकर... अगदी शांतपणे.

"अहो, हे काय चाललंय? तो स्टिकर मी लावून घेतलाय!"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अच्छा... म्हणजे स्टिकरबाई तुम्हीच! छान चिकटवलाय हो. अर्धा तास झाला, निघता निघत नाही."

राग यावा की हसू, कळेना. मी परदेशी निधीवर चालणाऱ्या शेती प्रकल्पाच्या प्रसिद्धी विभागात होते. बियाण्याचं पोतं असो, पंप असो की गाडी, देणाऱ्या देशाचं चिन्ह त्यावर दिसलंच पाहिजे, असा नियम. चिन्ह नाही, तर पुढच्या हंगामाचा निधी नाही. आणि आमच्याच बियाण्याच्या गोदामाचा हा प्रमुख मोठ्या निगुतीने ते खरवडत होता!

"डोंगरापलीकडे बंदूकवाले रस्ता अडवतात," तो म्हणाला. "बियाणं कोणाचं, विचारतात. ड्रायव्हर सांगतो, शेतकऱ्यांचं. दारावर परक्या देशाचं चिन्ह असलं, तर पटेल का त्यांना?" मग त्याचा आवाज खाली आला. "गेल्या हंगामात त्या चिन्हाची पाटी लावलेलं पंपघर आठव्या दिवशी जाळलं. रखवालदार आत होता. वाचला... पण हात गेला."

ती पाटी मीच पाठवली होती. अक्षरं मोठी हवीत म्हणून दोनदा बदलून घेतली होती.

त्यानंतर मी चार वेळा गेले. कारण विचाराल, तर पाहणी! बियाण्याला लावलेल्या औषधाचा उग्र वास, तागाची धूळ... आणि समोर तो. गोदामात पोती शिवायला त्याची ताई असायची. हातातली सुई न थांबवता ती म्हणायची, "पाहणी गोदामाची चाललीय, की गोदामवाल्याची?" तो कानापर्यंत लाल व्हायचा. एकदा माझ्या बोटांना डिंक लागला, तर त्याने एकेक बोट धरून पुसून दिलं. दहाही. डिंक तीनच बोटांना होता...

नियमातून सूट मिळवण्याचा एक अर्ज असतो. चिन्हामुळे जिवाला धोका असेल, तिथे ते न लावण्याची परवानगी मिळते. तो मीच लिहायचा होता. पुढच्या खेपेला मी तो लिहून, पण न पाठवता सोबत नेला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"मग पाठवला का नाही?" त्याने वाचून विचारलं.

"मंजूर झाला, की हा भाग धोक्याच्या यादीत जातो. मुख्य कार्यालयातल्या कोणालाही इथे यायला बंदी." मी कागदाची कड सरळ केली. "म्हणजे मलाही."

ताईची सुई थांबली. ती उठून बाहेर गेली.

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "पुढच्या आठवड्यात बावीस गावांना पोती निघतील. तीन ड्रायव्हर जाणार. तिघांनाही लहान लेकरं आहेत."

"माहीत आहे. पाठवणारच आहे मी. पण त्याआधी सांगायचं होतं... तुम्ही मला आवडता. फार. न सांगता गेले असते, तर जन्मभर चुटपुट लागली असती."

"पाठव," तो म्हणाला. अहोजाहो कुठल्या कुठे गेलं होतं. "आत्ता. माझ्यासमोर."

मी फोनवरून अर्ज पाठवला. त्याने माझा हात धरून ठेवला.

"बंदी तुला इथे यायला," तो हळूच म्हणाला. "मला तिकडे यायला नाही ना?"

"बस नऊ तास घेते. रविवारी चार तास भेटायचं, म्हणून अठरा तास बसमध्ये? वेडा आहेस का?"

"तुला आज कळलं?"

मंजुरी गुरुवारी आली. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी दोन तास आधीच बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. तो सगळ्यात शेवटी उतरला, धुळीने माखलेला. जवळ आला आणि आधी तेच बोलला, ज्यासाठी माझा जीव आठवडाभर टांगणीला लागला होता.

"तिन्ही गाड्या परत आल्या. तिघेही काल घरी जेवले."

आणि मग भर रस्त्यात, लोक पाहत असताना, मी त्याच्या गळ्यात पडून रडले.