झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही

ही घटना खरी आहे. रात्रीची नाही, दिवसाची आहे. तारखा आणि वेळा मी दोनदा तपासल्यात. फक्त गावाचं नाव आणि माणसांची नावं बदलली आहेत.

गुरुवार, सहा नोव्हेंबर. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. बल्गेरियाच्या वायव्य कोपऱ्यातलं वर्बोव दोल गाव आणि तिथला बसथांबा.

ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण, नेव्याना. गावच्या शाळेत शिक्षिका. शाळेत नऊ मुलं. शाळा बंद करायचं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी नेव्याना काहीतरी नवं करून ते पुढं ढकलते.

यंदाचं नवं म्हणजे फोटोगोष्ट. पाच फोटो, शब्द एकही नाही. मुलांनी गावात फोटो काढायचे आणि नेटवरच्या अल्बममध्ये टाकायचे. पोर्तुगालमधल्या एका शाळेतली मुलं ते बघून गोष्ट ओळखणार आणि खाली लिहिणार.

आमच्या मुलांनी गोष्ट ठरवली. एक आजी परदेशी गेलेल्या मुलाची वाट बघते. बस येते. कुणीच उतरत नाही.

आजी शोधावी लागली नाही. पेना आजी, वय ब्याऐंशी. तिचा मुलगा प्लामेन अकरा वर्षं स्पेनमध्ये.

“सोंग कशाला आणायला लावता गं?” आजी हसली. “मी रोज तेच तर करते. फुकटात.”

पहिला फोटो, फाटकातून निघताना. दुसरा, काठी टेकत रस्त्यावर. तिसरा, थांब्याच्या बाकावर, चेहरा जवळून. बस साडेतीनला वरच्या गावाकडे जाताना थांबते, तेव्हा चौथा.

मग झिमझिम सुरू झाली. नेव्यानानं मुलांना घरी पिटाळलं.

पाचवा राहिला होता.

चार-दहाला बस परत आली. नेव्याना तालुक्याच्या गावी राहते, रोज याच बसनं जाते.

“आजी, मी आत चढते. मागच्या काचेतून तुमचा फोटो घेते, मग खिडकीतून ओरडून सांगते. मी झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही हं.”

“नाही हलत, पोरी. तू म्हणशील तेव्हाच.”

फोटो असा आला की नेव्याना हरखून गेली. काचेवर थेंब, मागं पडत जाणारा रस्ता, बाकावर एवढीशी आजी. तिनं बसमधूनच तो अल्बममध्ये टाकला. घरी पोचेपर्यंत ती पोर्तुगालच्या मुलांचे अभिप्राय वाचत होती.

‘झालं’ म्हणायचं राहिलं.

पावणेसातला पावाची गाडी गावात आली. ड्रायव्हरला बाकावर आजी दिसली. ओलीचिंब.

“आजी, घरी चला.”

“नाही रे. अजून झालं नाही.”

त्याला वाटलं, तापात बडबडतेय. त्यानं तिला उचलून घरी नेलं. मंगळवारी, अकरा तारखेला, न्यूमोनियानं ती गेली.

प्लामेन विमानानं आला. दफनभूमीच्या दारात त्यानं नेव्यानाला गाठलं.

“बाई, शेवटी तुम्हीच होतात ना तिच्याबरोबर?”

एक क्षण. नेव्यानाला नऊ मुलं दिसली, शाळेचं कुलूप दिसलं.

“मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं,” ती म्हणाली. “मगच बस पकडली. त्या परत थांब्यावर का गेल्या, कळत नाही.”

त्या दिवशीचा बसड्रायव्हर एका दिवसापुरता बदली म्हणून आलेला होता. त्याला कुणी विचारलंच नाही.

“म्हणजे तिचं डोकं चालेनासं झालं होतं,” प्लामेन म्हणाला. “आणि दर रविवारी फोनवर बोलून मला पत्ता नाही. कसला मुलगा मी!”

त्या संध्याकाळी नेव्यानानं अल्बममधून पाचवा फोटो काढून टाकला.

पण तिसरा फोटो गावभर लागला. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या फोटोचे कागद दारावर, झाडावर, थांब्यावर चिकटवतात. प्लामेनकडे आईचा दुसरा ताजा फोटोच नव्हता.

तीन डिसेंबरला पोर्तुगालच्या शिक्षिकेचा निरोप आला. ‘पाचवा फोटो परत टाकलात, छान केलंत. पण बाक रिकामा का?’

नेव्यानानं अल्बम उघडला.

पाच फोटो.

मागची काच. थेंब. रस्ता. आणि बाकावर...

कुणीच नाही.

तिनं तो पुन्हा काढून टाकला. सकाळी तो पुन्हा तिथंच होता.

आठवड्यानं वर्गात मुलं अल्बममधले फोटो प्रोजेक्टरनं भिंतीवर लावून बघत होती. दारिना नावाची मुलगी उठून उभी राहिली.

“बाई, चौथ्यातली आजी कुठं गेली?”

बस होती. थांबा होता. बाक रिकामा होता.

“थंडी वाजली असेल,” मागून एक जण म्हणाला. “गेली असेल घरी.” दोघं-तिघं हसली.

“गप रे, टोणग्या.” दारिना भिंतीजवळ गेली. तिनं बोट ठेवलं. “काठी बघ. बाकाला टेकलेली. काठीशिवाय आजीला चालता येत नाही. कुणीतरी हाताला धरून न्यायला पाहिजे.”

कुणी हसलं नाही.

नेव्यानानं दिवा लावला.

शुक्रवार, एकोणीस डिसेंबर. सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी आजी गेल्याचा चाळिसावा दिवस, कबरीवर सगळ्यांनी जमायचा, म्हणून गावात नवे कागद लागले होते. शाळेच्या फाटकावर आजीचा चेहरा. अक्रोडाच्या झाडावर चेहरा.

थांब्यावरही तोच कागद. तोच मजकूर, तीच काळी चौकट.

फोटोत नुसता बाक...

झिमझिम सुरू झाली. चार-दहाला बस आली.

“बाई, येताय ना?” ड्रायव्हरनं विचारलं.

“तुम्ही व्हा पुढं.”

बस गेली. थांब्यावर ती एकटी. आवाज काहीच नाही. पन्हळीतून पाणी गळत होतं, त्याचाही नाही.

“आजी,” ती बाकाकडे न बघता म्हणाली, “झालं.”

काही नाही.

“झालं, आजी. चुकलं माझं. चला, मी सोडते.”

आणि तिनं डावा हात कोपरात वाकवून पुढं केला.

थोडा वेळ गेला...

मग हातावर भार आला. फार नाही. ओल्या कोटाचा असतो तेवढा.

ती चालू लागली. शेजारी लोकरी सपाता ओल्या रस्त्यावर घासत होत्या. सर्र... थांबून, सर्र... थांब्यापासून फाटक पाच मिनिटांवर. तिला वीस लागली. तिनं मान वळवली नाही. फाटकापाशी हात हलका झाला.

फाटकाची कडी वाजली.

आतून.

दुसऱ्या दिवशी कबरीवर सगळे जमले. उकडलेल्या गोड गव्हाचे पेले हातोहात फिरले. प्लामेन पुन्हा आला होता. आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं हे कुणालातरी सांगत होता, तेवढ्यात शेजारच्या रायना आजीनं त्याला अडवलं.

“उगाच आईला वेडी ठरवू नकोस, पोरा. बाईंनी तिला हाताला धरून दारापर्यंत आणलं. मी खिडकीतून बघितलंय. तुझी आई शहाण्यासारखी आत गेली.”

“कधी?”

“कधी म्हणजे? ती भिजली त्याच दिवशी. झिमझिम होती. पेनाच्या हातात काठी नव्हती, बाईंची बाही धरली होती तिनं.”

“रायना, तुला अंगणातली कोंबडी दिसत नाही!” कुणीतरी म्हणालं. माणसं जरा हसली.

“कोंबडी पळते. पेना हळू चालते,” रायना आजी म्हणाली.

प्लामेनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं नेव्यानाचे दोन्ही हात धरले. “बाई, मला तुमच्यावर शंका होती. मी रायनाकाकूला मुद्दाम विचारणार होतो. माफ करा मला.”

नेव्यानानं तोंड उघडलं.

सगळं गाव ऐकत होतं. नऊच्या नऊ मुलं होती.

तिनं तोंड मिटलं.

त्या अल्बममध्ये आता पाच फोटो आहेत. मी स्वतः पाहिले. आजी एकातही नाही. काठीही नाही. पहिल्या फोटोत फाटक सताड उघडं होतं, हे नऊ मुलांना आठवतं.

आता ते बंद आहे.

“तिनं मला घाबरवायला हवं होतं,” नेव्याना परवा माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. “मी खोटं बोलले आणि तिनं ते खरं करून दिलं. साक्षीदारासकट. आता मी खरं सांगितलं तरी प्लामेनला वाटेल, बाईंचंच डोकं फिरलं.”

“मग आता संपलं म्हणायचं?” मी विचारलं.

तिचा चहा तसाच होता. डावा हात अंगापासून थोडा लांब, कोपरात वाकवलेला. हल्ली ती तो तसाच धरते. तिला कळत नाही.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर झिमझिम होती.

“नाही गं,” ती म्हणाली. “अजून झालं नाही.”