लिफ्टच्या भिंतीला जोडलेला व्हिडिओ

नाहूरला एका टॉवरचं काम चालू होतं. तिथल्या साइट ऑफिसात क्षमाचं रोजचं काम ठरलेलं. कॉम्प्युटरमध्ये अख्ख्या इमारतीचं मॉडेल होतं. त्यातल्या प्रत्येक खांबाला, भिंतीला, स्लॅबला त्या त्या दिवशीचे फोटो आणि व्हिडिओ जोडायचे. पुढे कुठे गळती लागली, तर त्या भिंतीवर क्लिक करून आत काय भरलंय ते बघता यावं.

मंगळवारी पंधराव्या मजल्यावर लिफ्टची भिंत भरली जात असताना तिने चाळीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला. फोरमन मधुकर आणि त्याचा मेहुणा रतन, दोघं चेष्टामस्करी करत काँक्रीट ओतत होते. बुधवारी सकाळी तिने तो त्या भिंतीला जोडला आणि नीट चालतो का बघितलं.

विसाव्या सेकंदाला मधुकरने सळी उचलली आणि रतनच्या तोंडावर हाणली.

क्षमाने मोबाइलमधला मूळ व्हिडिओ लावला. त्यात दोघं हसत होते. पुन्हा मॉडेलमधल्या भिंतीवर क्लिक केलं. सळी, तोंड, रक्त.

ती वर गेली. दोघं शेजारी बसून चहा पीत होते. रतनचा ओठ उभा फाटला होता.

"कोणाशी भांडलास रे?"

"कोणाशीच नाही, मॅडम. बसल्या बसल्या रक्त यायला लागलं. विचारा ना भावोजींना."

मधुकरने मान हलवली. त्यालाही कळत नव्हतं.

दुपारी तो व्हिडिओ सव्वा मिनिटाचा झाला होता. क्षमाने मधुकरला ऑफिसात बोलावलं. रतन बाहेर दाराला टेकून उभा राहिला. तिने व्हिडिओ चालू केला.

पडद्यावर रतन गुडघ्यांवर बसला होता. त्याने डोकं वाचवायला हात वर धरले होते आणि मधुकर त्या हातांवर सळी घालत होता. पुन्हा पुन्हा, न थांबता. दोन बोटं उलटी वळली.

बाहेर रतन ओरडला.

"ह्यो हात माझो आसा," मधुकर हळूच म्हणाला. पडद्यावरून त्याची नजर हलत नव्हती.

पुढचा घाव डोक्यावर बसला. दाराबाहेर काहीतरी धप्पकन पडलं.

पडद्यावरच्या मधुकरने रतनला पाय धरून भिंतीच्या शटरिंगमध्ये, फळ्यांच्या साच्यात लोटलं. वरून काँक्रीटचा पाइप सोडला.

बाहेर रतनच्या नाकातोंडातून राखाडी पाणी येत होतं.

क्षमाने तो व्हिडिओ मॉडेलमधल्या भिंतीपासून तोडला.

रतनने श्वास घेतला.

डोक्याला नऊ टाके पडले, दोन बोटं मोडली होती. पाय घसरून पडला, असं सगळ्यांनी सांगितलं. रतननेही.

शनिवारी भिंतीचं शटरिंग निघालं. मधुकरने हातोडीने ठोकून बघितलं, तर आवाज पोकळ आला. त्याने घण घेतला.

"मधुकरदादा, थांबा. आधी तपासू द्या," क्षमा म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. व्हिडिओत मारत होता तसाच तो भिंतीवर घाव घालत राहिला. हाताची कातडी सोलवटली तरी थांबला नाही. शेवटी मोठा तुकडा निखळून खाली आला.

आत पोकळी होती. गुडघे पोटाशी घेऊन माणूस बसावा, एवढी. भिंत भरताना क्षमा स्वतः शेवटपर्यंत तिथे उभी होती. तिने आत हात घातला. सिमेंटवर शर्टाच्या कापडाची वीण उमटली होती. वरच्या बाजूला पाच बोटांचे ठसे होते, आतून बाहेर ढकलल्यासारखे.

मधुकरने वाकून आत बघितलं.

"मॅडम," त्याने विचारलं, "आतलो माणूस खंय गेलो?"