डबा बोलू लागला

“कोडच्या या ओळी तू उडवल्यास?”

फेरीबोट गोराईकडे निघाली होती, लॅपटॉप माझ्या मांडीवर होता, आणि मागच्या बाकावरचा एक परका मुलगा खुशाल माझ्या स्क्रीनमध्ये डोकावत होता.

“हो. मग?” मी फणकारले.

“अगं, कर्नलचं हेडर आहे ते, सिस्टिमच्या गाभ्याची फाइल! त्याला हात लावायचा नसतो.”

“मग काय करू? त्यात आणि सी लायब्ररीच्या हेडरमध्ये एकच स्ट्रक्चर दोनदा लिहिलंय. कंपायलर ऐकतच नाही. वाट लागलीय यार!”

खरंच लागली होती. पप्पांच्या बोटीचा ठावठिकाणा किनाऱ्यावर कळवणारा डबा मी बनवत होते. गेल्या वर्षी इंजिन बंद पडलं आणि पप्पा दोन दिवस बेपत्ता होते. मम्मीने अन्नाला हात लावला नव्हता. आज संध्याकाळच्या भरतीला ते पुन्हा निघणार होते, आणि डबा अजून मुका होता.

तो शेजारी येऊन बसला. “मी सुयोग. पवईला हेच काम करतो.”

“यव्होन.” मी त्याला पप्पांची आणि डब्याची गोष्ट सांगितली.

“आधी लायब्ररीचं हेडर घे, मग कर्नलचं.”

घेतलं. तीच एरर.

“डब्यातला बोर्ड जुना दिसतोय... मग दोघांना एका फाइलीत कोंबूच नकोस. कर्नलचं काम वेगळ्या फाइलीत कर, आणि तिथलं एक फंक्शन फक्त इकडून बोलव.”

“आणि उडवलेल्या ओळी?”

“गुपचूप परत टाक. मी कुणाला सांगणार नाही.” तो हसला. गालावर खळी होती — मी दोनदा चुकीचं टाइप केलं.

गोराईचा धक्का यायला आणि एरर जायला एकच गाठ पडली. मी उडी मारून उतरले. “ये ना!”

“मला बोरिवलीला जायचंय. मघाशी ही बोट तिथे लागली, तेव्हा उतरतच होतो. पण तू रडकुंडीला आलेली दिसलीस...”

बोट वळली. नंबर राहूनच गेला.

तीन दिवस डबा बोलत राहिला. पप्पा कुठे आहेत ते दर दहा मिनिटांनी कळत होतं. मम्मी जेवली, झोपली. मी देवाचे आभार मानले, आणि त्यात एक नाव हळूच जोडलं.

रविवारी पप्पांची बोट लागली, तेव्हा किनाऱ्यावर सुयोग उभा!

“बोट आली का, बघायला आलो,” तो पुटपुटला.

मी पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी थेट एक ओली सुरमई त्याच्या हातांत ठेवली. “जेवल्याशिवाय जायचं नाय!” म्हणाले आणि जाळ्यांकडे वळले.

सुरमई शर्टापासून लांब धरत सुयोग म्हणाला, “तुझं थँक्यू राहिलंय हं.”

“नाही बोलणार.”

“का गं?”

“थँक्यू बोललं की माणूस निघून जातो.” मी त्याच्या हातांतली सुरमई घेतली. “आणि तू... तू मला आवडलायस.”



“बरं झालं बोललीस,” तो म्हणाला. “बोट तर आली. उद्या यायला मला बहाणाच उरला नव्हता.”