शिवेपल्याड सोडलेली कोंबडी

सकाळी मंगलनं डालगं उचललं, तर एकही कोंबडी बाहेर पळाली नाही. एरवी डालगं जरा तिरकं करायची खोटी, की सगळ्या तिच्या पायांत घुटमळायच्या. आज कोंबडा आडवा पडला होता आणि बाकीच्या माना वाकड्या करून आभाळाकडं बघत बसल्या होत्या. हिरवी शीट जिकडंतिकडं.

मानमोडी, कोंबड्यांची साथ. हे सांगायला मंगलला डॉक्टर नको होता. निपाणीच्या अलीकडच्या त्या गावात घरोघरच्या कोंबड्यांच्या डोळ्यांत लसीचे थेंब घालत फिरायची ती मंगलच. स्वतःच्या कोंबड्यांना तर तिनं सगळ्यांच्या आधी लस दिली होती. मग हा रोग शिरला कुठून? ती जाम चिडली. चिडली तेवढीच घाबरली, कारण आतल्या खोलीत ठिपकी अंड्यांवर बसली होती. लग्नात आईनं तिच्या हातात एक कोंबडी दिली होती. आई गेली, आणि त्या कोंबडीच्या वंशातली आता ही एकटी ठिपकी उरली होती. बाकीच्या बाजारातून आणलेल्या. त्यांचं काहीही होवो, ठिपकी वाचली पाहिजे.

तिनं चुना टाकला, पाणी उकळून गार केलं, आजारी कोंबड्या वेगळ्या काढल्या. तरी एकेक पडतच होती.

"एक जित्ती कोंबडी शिवंपल्याड सोडून ये," सासू मनुबाई उंबऱ्यात बसून म्हणाली. "हळदकुंकू लावायचं, खाली ठेवायची आन् मागं वळून बघायचं न्हाय. रोग तिच्यासंगं जातोय."

"आत्ती, रोग काय बस पकडून जातोय व्हय?"

"ठिपकी पायजे का नगं तुला?"

मंगल उठलीच. पायात निळी दोरी बांधलेली तांबडी कोंबडी तिनं हळदकुंकू लावून काखेत मारली आणि हायवे गाठला. तिथं रुंदीकरणाचा धुरळा उडालेला. जेसीबी रस्त्याच्या कडा पोखरत होते, शिवेची जुनी खूण कुठंच दिसेना. पलीकडच्या गावाचा बोर्ड मात्र दिसला. बोर्ड ओलांडला म्हणजे शीव ओलांडली, असं धरून तिनं कोंबडी तिथं ठेवली आणि तडक माघारी फिरली. मागं बघितलं नाही. हसू येत होतं, तरी नाही बघितलं.

घरी येऊन घरामागच्या परड्यात गेली, तर धुण्याच्या धोंड्यावर तांबडी कोंबडी बसलेली. पायात निळी दोरी, डोक्यावर कुंकू.

मंगलनं कुंकवाला बोट लावून बघितलं. खरं सांगायचं तर तिला भीती थोडी आणि नवलच जास्त वाटत होतं.

"अहो, हिकडं या बघू!"

तिचा नवरा भरमू आला, कोंबडी बघून हसला. "तू सोडलीस ती दुसरीच असंल." त्यानं तांबडीला पिशवीत घातलं आणि मोटरसायकलवरून पार कागलच्या वाटेला लागला. मंगल धोंड्यासमोर ठिय्या देऊन बसली. आता बघतेच, म्हणाली. पापणीसुद्धा लववायची नाही.

फोन वाजला. "सोडली बघ," भरमू म्हणाला.

धोंडा रिकामा होता. मग नव्हता. तांबडी पंख झाडत होती.

"अहो," मंगल फोनमध्ये म्हणाली, "ती हितं हाय."

"फोन ठिवू नगंस, माघारी फिरतो," भरमू म्हणाला.

मनुबाई काठी टेकत आली. वाकून तिनं धोंड्याची कड नखानं खरवडली. साबणाच्या थराखालून शेंदूर निघाला.

"ह्यो कुठनं आणलासा?"

"रस्ता खणताना निघाला हुता. ठेकेदाराची माणसं टाकून देत हुती, म्हणून ह्यांनी ट्रॅक्टरात घालून आणला. सपाट हाय, धुणं बरं निघतंय."

मनुबाईनं शेंदराचं बोट कपाळाला लावलं. "शिवंचा धोंडा हाय गं ह्यो."

मंगलनं धोंड्याकडं बघितलं. धोंड्याच्या पल्याड तिचं परडं होतं, आणि परड्यापुढं घर. म्हणजे शिवेपल्याड सोडलेलं सगळं आता इथंच यायचं.

मग मात्र तिच्या अंगात वारं शिरलं. "अहो, ट्रॅक्टर घिऊनच या," ती फोनमध्ये म्हणाली. "आत्ताच्या आत्ता ह्यो परत न्यायचा." ती आत पळाली, ठिपकीची टोपली अंड्यांसकट उचलली. निदान हिला तरी इथून लांब न्यावी, म्हणून मागच्या दारानं बाहेर आली.

परड्यात एक अनोळखी माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हेल्मेट, हातात मान टाकलेली कोंबडी.

त्यानं ती धोंड्यापल्याड ठेवली आणि वळला.

"ओ दादा! हितं कशाला?"

तो गेला. त्याच्यामागून एक म्हातारी आली. तिनंही कोंबडी ठेवली आणि गेली.

मग एक बाई आली. तिच्या हातात कोंबडी नव्हती. कडेवर मूल होतं.

बाईनं मुलाला धोंड्यापल्याड बसवलं. झबलं नीट केलं. कपाळावरचं ओलं कुंकू सरळ केलं. ती रडत होती.

"अवो बाई, पोर इसरलासा! अवो!"

बाईनं मागं बघितलं नाही.

टोपली हातातून कधी खाली ठेवली, ते मंगलला कळलंच नाही. ती गुडघ्यांवर बसली, मुलाच्या कपाळाला हात लावला. कपाळ भाजत होतं.

परड्याच्या फाटकात आणखी कुणीतरी चपला काढत होतं.