पाऊल टेकेपर्यंत

"थांब," मालन शिंदे म्हणाल्या. पाय थांबले नाहीत.

उपचारकेंद्राच्या व्हरांड्यात त्या चालत होत्या. खरं तर पायच त्यांना नेत होते. कमरेपासून घोट्यापर्यंत बांधलेल्या त्या मोटारींच्या चौकटीला केंद्रात सगळे 'चालजोड' म्हणत. अर्धांगवायूने गेलेलं चालणं त्याने बाईंना परत दिलं होतं.

"अरे, थांब म्हणते ना!"

शेवटच्या भिंतीजवळची खूण आली तेव्हा कुठे चालजोड शांत झाला. बाईंचा घोटा सुजला होता.

"आमच्या मैदानावर एवढं बहिरं कुणी असतं, तर संघाबाहेर काढलं असतं." आयुष्यभर त्यांनी मुलींना खो-खो शिकवला होता.

रेणू केळुसकर हसली नाही. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती इथे आली होती, आणि चालजोडाचा कोड लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका तयार करत होती. 'हाक आल्यावर', म्हणजे चालणाऱ्याने 'थांब' म्हटल्यावर, 'काय करावे' हे एकच प्रकरण उरलं होतं. सोमवारी बाई घरी जाणार होत्या. घरी त्यांचा नातू नुकता रांगायला लागला होता.

"हाक पोचते, सौमित्रदादा," चालजोडाचा कोड लिहिणाऱ्या सौमित्रला पडद्यावरची नोंद दाखवत ती म्हणाली. "पण तिच्याकडे कुणी बघतच नाही."

चालजोडाचे दोन भाग होते. एक संथ; तो बोलणं समजून घ्यायचा. दुसरा आधीच यंत्रभाषेत बदलून ठेवलेला, अतिशय वेगवान. तो मोटारी हलवायचा. चाल गुळगुळीत व्हावी म्हणून सौमित्रने अख्खा रस्ता एकदम वेगवान भागाकडे सोपवला होता. संथ भाग 'हाक आली' अशी खूण करून ठेवायचा. वेगवान भाग ती काम संपल्यावरच पाहायचा.

"मग लिही की, हाक आली की असाल तिथून, काम अर्धवट सोडून, बाहेर पडा. संपलं," सौमित्र म्हणाला.

रेणूने कोडमध्ये तसा बदल केला, चालजोड स्वतःला बांधला, चार पावलं टाकली आणि म्हणाली, "थांब." उचललेला गुडघा हवेतच आवळला गेला. ती आडवी पडली.

"बाहेर पडताना गुडघा सैल कुणी करायचा?" कोपर चोळत तिने विचारलं.

"मधेच कसं थांबेल ते?" बाकावरून बाई म्हणाल्या. "खो-खोत एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत माघार नाही. पण तुमच्याकडे खांब एकच, तोही पार त्या भिंतीला!"

रेणू उठून बसली. प्रत्येक पाऊल खांब झालं तर?

तिने लिहिलं : पाऊल टेकलं की हाक आली आहे का ते पाहा. असेल तर आधी मोटारी सैल करा, यंत्राची अडवलेली स्मृती मोकळी करा, मगच बाहेर पडा.

दुपारी तसा बदललेला चालजोड बांधून बाई चालल्या, थांबल्या, पुन्हा चालल्या. मुद्दाम थांबल्या. सौमित्रने टाळ्या वाजवल्या. मग सरावाचा जिना. उतरताना पाऊल हवेत असतानाच त्यांना खालच्या पायरीवर कुणाचा तरी चहाचा कागदी कप दिसला.

"थांब!"

पाऊल खाली आलं, कपावर टेकलं आणि मग, अगदी आज्ञाधारकपणे, चालजोड थांबला. गुडघेही सैल झाले. मार्गदर्शिकेत लिहिलं होतं तसंच.

बाई कठडा धरून चपटा कप बघत राहिल्या.

"रेणू, तिथे आमचा बाळ असता तर?"

"बाई, मधेच थांबवलं तर तुम्ही पडाल. जिन्यावरून."

"मग पडू दे की मला."

"माणसाला पाडणारं यंत्र घरी पाठवता येत नाही, बाई," सौमित्र हळूच म्हणाला.

"आणि तुडवणारं येतं?"

रेणूने प्रकरण पुन्हा उघडलं. प्रत्येक सूचना बरोबर होती, तपासलेली होती. 'पाऊल टेकलं की' या शब्दांपाशी ती अडली. त्याआधी हाक आली तर काय घडावं, कुणी पडावं की कुणी तुडवलं जावं, हे कुणी ठरवायचं? आणि ठरलंच, तर ते कोणत्या ओळीत लिहायचं?